चाल ओळखीची, शब्द अनोळखी : सुरेश भटांची मागे राहिलेली गाणी

रेशीमबागेतल्या कविवर्य सुरेश भट सभागृहामुळे भटांचं नाव नागपुरात रोज कोणाच्या ना कोणाच्या तोंडी असतं. नाटक कुठे, तर भट सभागृहात. पण त्यांची गाणी विचारा, की 'मालवून टाक दीप', 'मेंदीच्या पानावर', 'तरुण आहे रात्र अजुनी', 'केव्हातरी पहाटे', 'उषःकाल होता होता', 'सुन्या सुन्या मैफिलीत' इथे यादी अडते. अडावी अशीच गाणी आहेत ती, त्याबद्दल तक्रार नाही. पण या माणसाच्या नावावर हयातीत पाच कवितासंग्रह आहेत: रूपगंधा (१९६१), रंग माझा वेगळा (१९७४), एल्गार (१९८३), झंझावात (१९९४) आणि सप्तरंग (२००२). यादीतली गाणी हा त्यातला लहानसा तुकडा झाला.

उरलेले भट ऐकायचे कसे? पुष्कळशा गझलांना चालच लागलेली नाही, काहींना लागली तरी ती मैफिलीपुरतीच राहिली. पण भट वृत्तात लिहायचे आणि त्यात ढिलाई करायचे नाहीत. त्यामुळे एका रचनेची चाल त्याच वृत्तातल्या दुसऱ्या रचनेला बहुतेक वेळा चपखल बसते. वृत्त ओळखता आलं की न ऐकलेली गझल ओळखीच्या चालीत गुणगुणता येते, आणि गुणगुणली की ती कळायला लागते. नुसतं वाचून भट अर्धेच कळतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात व्योमगंगा या वृत्तापासून करावी. लगावली, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम, 'गालगागा' चारदा. ल म्हणजे लघू, एक मात्रा आणि गा म्हणजे गुरू, दोन मात्रा. 'तरुण आहे रात्र अजुनी' फोडून बघा. 'तरु' हे दोन लघू मिळून एक गा, 'ण' ल, 'आ' गा, 'हे' गा. पुढे 'रा' गा, 'त्र' ल, 'अजु' पुन्हा दोन लघूंचा एक गा, 'नी' गा. चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज आशाबाईंचा. आता त्याच चालीवर 'मल्मली तारुण्य माझे' म्हणा. हे 'घरकुल' चित्रपटातलं, सी. रामचंद्रांचं, गायलंय आशाबाईंनीच. अक्षर न अक्षर बसतं. दोन संगीतकार, दोन स्वभावाच्या चाली, खालचा सांगाडा एकच.

हे दोन्ही शृंगाराचे झाले. त्याच सांगाड्यावर 'उंबरठा' (१९८२) मध्ये एक प्रार्थना आहे, 'गंजल्या ओठास माझ्या धार वज्राची मिळू दे'. या चित्रपटाचं नाव काढलं की लोक 'सुन्या सुन्या'वर जाऊन थांबतात आणि लताबाईंच्या त्या गाण्याच्या सावलीत ही प्रार्थना दबून जाते. कवी तोच, संगीतकार तोच, चित्रपटही तोच. मला विचाराल तर भटांच्या दुर्लक्षित गाण्यांत पहिला नंबर हिचा. काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, 'मिळू', 'जळू'; रदीफ, म्हणजे त्यापुढे तसाच परत येणारा शब्द, फक्त 'दे'. इतका तोकडा रदीफ असला की प्रत्येक ओळ मागण्यावर येऊन टेकते. प्रार्थनेला आणखी काय हवं? 'जगत मी आलो असा की' ही गझलही व्योमगंगेतलीच. म्हणजे प्रियकराला जागवणं, तारुण्य पांघरायला सांगणं, ओठाला धार मागणं आणि जगण्याचा हिशेब मांडणं, चारही गोष्टी एकाच मापात. भट एकसुरी वाटतात म्हणणाऱ्यांनी या चार रचना पाठोपाठ म्हणून बघाव्यात.

ताल धरायचा तर 'गालगागा'च्या सात मात्रा ३-२-२ अशा सरळ पडतात: 'गाल', 'गा', 'गा'. रूपक तालाचे खंडही तसेच, त्यामुळे मांडीवर ठेका धरूनही वृत्त तपासता येतं.

चूक कुठे होते ते सांगतो. 'इतकेच मला जाताना सरणावर कळले होते' या ओळीच्या मात्रा मोजल्या तर १४ अधिक १४, म्हणजे २८ भरतात. व्योमगंगेच्याही साताच्या चार, म्हणजे २८च. म्हणून कोणी तीच चाल लावायला जातो आणि पहिल्याच शब्दावर अडखळतो. बेरीज जुळली तरी लघु-गुरूंचा क्रम जुळत नाही. ही मात्रावृत्तातली रचना आहे, तिचा झोक वेगळा. 'साधीसुधी ही माणसे'चंही तसंच. ती मंदाकिनीत, 'गागालगा' चारदा. मात्रा पुन्हा २८, पण लघू एक घर पुढे सरकला की चाल मोडते. तेव्हा मात्रा मोजून थांबू नये, लगावली पाडावी.

दुसरी गफलत जोडाक्षरांची. जोडाक्षरावर आघात आला की मागचा लघू गुरू होतो: 'वज्राची'तला 'व', 'सत्याचा'मधला 'स'. पण 'सुन्या'मधला 'सु' लघूच राहतो, कारण 'न्या' मराठीत हलका उच्चारतात. तिथे 'सु' गुरू धरला की 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या'ची हिरण्यकेशी, म्हणजे 'लगालगागा' चारदा, पहिल्याच पावलाला गडबडते. कानाने ठरवा, डोळ्याने नको.

तिसरी चूक छापण्यातली. मराठी अभिमानगीत कौशल इनामदारांनी २०१० मध्ये आणलं, भट जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. त्याची पहिली ओळ फलकांवर, निमंत्रणांवर, बॅनरवर सर्रास 'लाभले आम्हास भाग्य' अशी दिसते. भटांचं आहे 'अम्हास'. रचना 'गालगाल गालगाल गालगाल गागा' अशी चालते आणि चौथं अक्षर लघूच हवं. 'आ' केला की ओळ फुगते. गंमत म्हणजे हीच 'गालगाल'ची पावलं 'मालवून टाक दीप'मध्ये आहेत आणि 'आज गोकुळात रंग खेळतो हरी'मध्येही. शेजघर, गोकुळ आणि भाषेचा अभिमान, तिन्हीकडे पावलं तीच ठेवून कवी फिरलाय. या गीताचं शेवटचं कडवं, 'पाहुणे जरी असंख्य पोसते मराठी' हे, कार्यक्रमांत गाळलं जातं आणि त्यावरून वादही झालेत. तेच सगळ्यात टोकदार आहे, म्हणून गाळायचं तर ते सोडून काहीही गाळा.

नागपूरकरांच्या कानावरून सगळ्यात जास्त वेळा जाणारी आणि तरी भटांच्या खात्यात क्वचितच धरली जाणारी रचना म्हणजे भीमवंदना, 'भीमराया घे तुझ्या या लेकरांची वंदना'. दीक्षाभूमीच्या या गावात ती कोणाला ठाऊक नाही? पण ती देवप्रिया वृत्तातली चोख रचना आहे, 'गालगागा' तीनदा आणि शेवटी 'गालगा', हे फारसं कोणी बघत नाही. रदीफ 'वंदना', काफिया 'लेकरांची', 'अंतरांची'. तिच्याशेजारी 'रंगुनी रंगात साऱ्या रंग माझा वेगळा' ठेवा: तंतोतंत तेच वृत्त, फक्त रदीफ नाही, 'वेगळा', 'मोकळा' अशा काफियावरच शेर, म्हणजे गझलेतली दोन ओळींची जोडी, संपतो. एकीत 'मी' सगळीकडे, दुसरीत 'मी' औषधालाही नाही. मी भटांवर कोणाला काही शिकवायला बसलो तर ही जोडी आधी घेईन.

आता रेकॉर्डचा प्रश्न. लहान तबकडीवर एका गाण्याला तीन-चार मिनिटं मिळायची. मुखडा परत परत घ्यायचा, मधे वाद्यं, त्यामुळे मतला, म्हणजे पहिला शेर, आणि मोजके शेर एवढंच बसायचं. गीतात कडवं गाळलं तर कळतं, गझलेत शेर गाळलेला कळतच नाही, कारण प्रत्येक शेर आपल्यापुरता पूर्ण असतो. म्हणून तुमची आवडती गझल पुस्तकात काढून रेकॉर्डशी ताडून बघा. जो शेर रेकॉर्डवर नाही तो त्याच चालीत म्हणा. 'केव्हातरी पहाटे'च्या चालीवर, म्हणजे आनंदकंदात, 'गागाल गालगागा' दोनदा, 'अद्यापही सुऱ्याला माझा सराव नाही' म्हणून बघा. हळव्या चालीत सुऱ्याची भाषा कशी चरचरते ते कळेल. 'पहाटे पहाटे मला जाग आली' मात्र या चालीत कोंबू नका, पहाट दोन्हीकडे असली तरी. ते भुजंगप्रयात आहे.

ॲपवर शोधताना एक सांभाळा. गायक आणि संगीतकार ठळक दिसतात, कवी कुठेतरी तळाशी, नाहीतर नाहीच. त्यामुळे नागपूरचेच कवी एकमेकांच्या खात्यात जातात. 'चांदण्यात फिरताना' भटांचं, 'चांदणे शिंपीत जाशी' राजा बढे यांचं. दोन्हीला हृदयनाथ आणि आशाबाई, म्हणून घोळ. 'भय इथले संपत नाही' ग्रेस यांचं. अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ बदलूनही शोधा: 'मल्मली' आणि 'मलमली', 'तरुण' आणि 'तरूण'. भटांच्या स्वतःच्या आवाजातली ध्वनिमुद्रणंही मिळतात. तिथे वाद्यं नसल्यामुळे लगावली उघडी ऐकू येते, तेव्हा सरावाला तीच घ्या.

पुस्तकांत 'एल्गार' आधी घ्या. 'रूपगंधा' गीतांच्या अंगाने जाणारं आहे, ते नंतर. 'झंझावात' सलग वाचू नका. मशाली आणि वादळं लागोपाठ आली की धार बोथट वाटते, दिवसाला दोन-तीन गझला पुरे. 'सप्तरंग' तर नावानेही अनेकांना माहीत नसतं. दुकानात नाही मिळालं तर नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीला) झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघात विचारा. आणि गझलेचं तंत्र भटांकडूनच शिकायचं असेल तर नवोदितांसाठी त्यांनी लिहिलेली 'गझलेची बाराखडी' वाचा, थोडक्या पानांत काफिया, रदीफ, अलामत (काफियातला कायम राहणारा स्वर) सगळं आहे.