हायकू आणि माझा जुना लॅपटॉप

परवा कपाटातला जुना लॅपटॉप काढला आणि पेनड्राइव्हवरून हायकू (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टम) चालू केलं. बी कंपनी 2001 मध्ये पाम कंपनीला विकली गेली आणि तिचं बीओएस (हीसुद्धा ऑपरेटिंग सिस्टमच) संपलं, तेव्हा त्याच्या चाहत्यांनी ते नव्याने लिहायला घेतलं, तेच हे, आणि अजून बीटाच, म्हणजे चाचणीतलंच, आहे बरं का. डेस्कटॉप झटक्यात आला, आवाजही आला, पण वायफायचं नावच नाही!

आता तक्रार न्यायची कोणाकडे? कारण हायकूमधले वायफायचे बरेचसे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्रॅम) फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टमकडून घेतलेले, मध्ये एक जुळवून घेणारा थर टाकून चालवलेले, म्हणजे घोळ मूळ ड्रायव्हरचा का त्या थराचा हेच आधी शोधावं लागतं. मी टर्मिनलमध्ये लिस्टडेव्ह (हार्डवेअरची यादी दाखवणारी कमांड) मारलं, वायफाय चिपचा आयडी उतरवून घेतला, सिसलॉग (सिस्टमच्या नोंदींची फाइल) पेनड्राइव्हवर कॉपी केला आणि तीच चिप फ्रीबीएसडीवर लावून बघितली. तिथेही ठणठणाट, म्हणजे घोळ बहुतेक मूळ ड्रायव्हरचाच. मग हायकूवाल्यांच्या डोक्याशी कटकट कशाला, नुसतं "वायफाय चालत नाय" लिहून तर कोणालाच काही कळत नाही. सध्या लॅनची वायर हॉलमधून ओढून आणलीये, आई दोनदा अडखळली.