बाळाला उचलणारे हात

सांगलीतील एका शिशुगृहात मी अधूनमधून जाते. भेटीला येणारे देणगीदार दूध, औषधे आणि पाळणे पाहून समाधानाने परततात; मात्र एका बाळाला दिवसभरात किती वेगवेगळे हात उचलतात, हे सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील तीन बालगृहांत झालेला अभ्यास या संदर्भात फार बोलका आहे. एका ठिकाणी मावश्यांना मुलांच्या रडण्या-हसण्याला जिव्हाळ्याने प्रतिसाद देण्याचे प्रशिक्षण दिले गेले, शिवाय गट लहान करून प्रत्येक गटाला ठरावीक मावश्या नेमल्या गेल्या. दुसऱ्या ठिकाणी केवळ प्रशिक्षण झाले, तर तिसऱ्या ठिकाणी जुनीच व्यवस्था चालू राहिली. पहिल्या गृहातील मुलांची आकलनशक्ती आणि सामाजिक वर्तन तर सर्वाधिक सुधारलेच, पण आहार न बदलताही त्यांची शारीरिक वाढ चांगली झाली. (केवळ दुधाच्या डब्यांवर विसंबणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.)

अर्थात, चांगली संस्थाही घराची जागा घेत नाही. रोमानियाची राजधानी बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या १३६ मुलांच्या अभ्यासात, वयाच्या साधारण दोन वर्षांच्या आत प्रतिपालक कुटुंबात (दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या कुटुंबात) गेलेल्या मुलांची प्रगती अधिक दिसली. आपला २०१५ चा बाल न्याय कायदाही संस्थेला शेवटचा पर्याय मानतो.

बाळाला असे घर मिळेपर्यंत, पाळ्या लावताना त्याच बाळांना त्याच मावश्या मिळाव्यात, एवढा आग्रह तरी व्यवस्थापनाकडे धरता येईल. त्याला फारसा खर्चही येत नाही.