बेटमन्स, १:५० : चक्कीच्या फळीचे काम

ईस्ट ससेक्समधल्या बर्वॉश गावाजवळचे बेटमन्स हे १६३४ सालचे दगडी घर आणि त्याच्याच आवारातली, डडवेल नदीच्या पाण्यावर चालणारी अठराव्या शतकातली पाणचक्की अशी दोन्ही १:५० प्रमाणात करायची, असे मी ठरवले तेव्हा मधले अंतर मोजायचे राहूनच गेले. ते दोनशे मीटरहून थोडे अधिक भरते, म्हणजे प्रतिकृतीत चार मीटरहून जास्त. आमची बैठकीची खोली साडेतीन मीटरची आहे. तेव्हा दोन स्वतंत्र फळ्या करून मधले कुरण गाळण्यावाचून इलाज उरला नाही.

ते गाळताना जीव हळहळला, कारण या वास्तूचा सर्वांत रंजक भाग त्याच जमिनीत पुरलेला होता. मुंबईत १८६५ साली जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांनी १९०२ मध्ये हे घर घेतले, तेव्हा त्यात न्हाणीघर नव्हते, वरच्या मजल्यावर पाणी नव्हते आणि विजेचे दिवेही नव्हते. आस्वानच्या पहिल्या धरणाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या सर विल्यम विल्कॉक्स यांच्या सल्ल्याने त्यांनी चक्कीचे पाणी टर्बाइनवर घेऊन जनित्र चालवले. वीज घरापर्यंत नेण्यासाठी, बाराशे व्होल्टच्या चाचणीत नापास झालेली खोल समुद्रातली केबल चर खणून पुरली. घरचा दाब ११० व्होल्टच असल्याने तिने पुढे पाव शतक बिनतक्रार काम केले. एवढ्या खटाटोपातून संध्याकाळी चारेक तास ६० वॅटचे दहा दिवे लागत, म्हणजे आज एका मिक्सरला लागते साधारण तेवढी वीज मिळे.

प्रतिकृती नेमकी कोणत्या काळातली करावी, हा पेच त्यातूनच निर्माण झाला. मूळ चक्की दाखवावी तर टर्बाइन नाही, किपलिंगांचा काळ घ्यावा तर दळण नाही. टर्बाइन दुरुस्त झाले आणि १९७०च्या दशकात चक्की पुन्हा दळती झाली, त्यामुळे मी त्यानंतरचा काळ निवडला. काटेकोर मंडळींना ही पळवाट वाटेल. मला दोन्ही यंत्रे हवी होती.

या महिन्याचा बहुतेक वेळ दातेरी चाकांनीच खाल्ला. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत पाण्याचे चाक आडवे फिरते आणि त्याचा उभा दांडा थेट वरच्या दगडाला फिरवतो. इंग्लिश चक्कीत मात्र चाक उभे आणि त्याचा आस आडवा असल्याने फिरकी काटकोनात वळवावी लागते, आणि चाकाची संथ गती दगडाला पुरेशी होईपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवावी लागते. आगकाड्यांचे दाते पहिल्याच फेरीत तुटले. आता बांबूच्या चोया तासून बसवले आहेत.

दगड चार फुटी धरून २४ मिलिमीटरच्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या चकत्या ओतल्या आणि सुईने टाकी लावली. तिथे चुकलो. समोरासमोर बसायचे म्हणून दुसऱ्या दगडावर खाचा आरशातल्यासारख्या उलट्या कोरल्या. वास्तविक दोन्ही दगडांवर नक्षी एकसारखीच हवी, कारण वरचा दगड पालथा घातला की त्याच्या खाचा खालच्या खाचांना कात्रीच्या पात्यांसारख्या छेदतात आणि धान्य कापले जाऊन पीठ कडेकडे सरकते. माझ्या जोडीत खाच खाचेवर येत होती. चकती फेकून नवी केली.

घराच्या फळीवर विशेष प्रगती नाही. पुठ्ठ्यावर बोथट बॉलपेनने घडीव दगडांचे सांधे दाबून झाले आहेत. खिडक्यांच्या दगडी उभ्या पट्ट्या आणि विटांची धुरांडी बाकी आहेत. पावसाळी हवेत पुठ्ठा वाकला, म्हणून तो सध्या जाड शब्दकोशांखाली आहे.

वरचा दगड एकदा बसला की खाचा कुणालाच दिसणार नाहीत, म्हणून तो चिकटवलेला नाही. नुसता आसावर ठेवला आहे, पाहणाऱ्याने उचलून उलटा करून पाहावा.