उडी पाहून मासा ओळखताना: दाभोळ ते निवती

एप्रिल-मेमध्ये कोकण किनाऱ्याने खाली उतरताना 'केवढा मोठा मासा उडाला' अशी आरोळी कुठल्या ना कुठल्या फेरीबोटीवर ऐकू येतेच. कसा होता म्हणून विचारलं तर रंग चंदेरी आणि आकार हात पसरून दाखवलेला. एवढ्यावर मासा ओळखता येत नाही. उन्हात ओलं अंग चंदेरीच दिसतं. मोकळ्या पाण्यावर मापाला काही नसल्यामुळे अंतराचा अंदाज चुकतो, आणि त्याबरोबर आकाराचाही. म्हणून दाभोळपासून निवतीपर्यंत आम्ही रंग-आकार बाजूला ठेवून मासा बाहेर कसा येतो, हवेत किती वेळ राहतो आणि पडतो कसा, हेच पाहत आलो.

त्यासाठी वेळ सकाळचीच हवी. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे दुपारपर्यंत ऊन पाठीवर राहतं आणि उडालेल्या अंगावर सरळ पडतं. दहा-अकराच्या पुढे वायव्येचा वारा जोर धरतो, पाण्यावर पांढरे फेसाचे तुरे उठतात आणि प्रत्येक तुरा उडीसारखा भासतो. दुर्बीण 8×42, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची, पुरे. दहापट मोठं दाखवणारी होडीत हातात स्थिर राहत नाही.

दाभोळ-धोपावे फेरीबोट वाशिष्ठीच्या मुखातून जाते. तिथे आणि एकूणच खाड्यांत दिसणाऱ्या उड्यांपैकी बहुतेक बोय माशाच्या असतात. बोय क्वचितच मीटरभर लांब होतो, नेहमी दिसणारा दीड-दोन फुटांचाच, पण उडी अंगाच्या मानाने फार उंच घेतो. डोकं बोथट आणि वरून चपटं, अंग गोलसर. तो एका रेषेत लागोपाठ दोन-तीन उड्या मारतो आणि बहुतेक वेळा कुशीवर किंवा पोटावर पडतो, त्यामुळे पाणी खूप उडतं आणि मासा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. मागे मोठा मासा लागला की तो उडतोच, पण पाण्यात प्राणवायू कमी असला तरी उडतो. म्हणून आतल्या, संथ, तापलेल्या पाण्यात मागे कुणीही नसताना बोय उडताना दिसला तर नवल नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना वरच्या दोरीवरून बाहेर उड्या टाकणारा मासाही बहुधा हाच.

आकाराचा वाद मिटवायला एक सोपं गणित आहे आणि ते अंतरावर अवलंबून नाही. मोबाइलवर उडीचा व्हिडिओ घ्या. मासा अर्धा पाण्याबाहेर आला त्या क्षणापासून तो पुन्हा अर्धा पाण्यात गेला तिथपर्यंत किती सेकंद गेले ते मोजा. त्या आकड्याचा वर्ग करून 1.23 ने गुणलं की उडीची उंची मीटरमध्ये मिळते. 0.6 सेकंद म्हणजे साधारण 44 सेंटिमीटर, 0.9 म्हणजे एक मीटर, 1.2 म्हणजे पावणेदोन मीटरच्या जरा वर. मग उडी सर्वांत उंच असताना व्हिडिओ थांबवायचा आणि माशाची लांबी त्या उंचीच्या किती पट दिसते ते पट्टीने बघायचं. उंची मोजायची ती पाण्यापासून माशाच्या मध्यापर्यंत. दोन ठिकाणी चूक होते. एक, स्लो मोशनमध्ये घेतलेला व्हिडिओ हळू चालतो हे विसरून सेकंद मोजले जातात. तिथे चित्रं मोजून ती चित्रीकरणाच्या वेगाने भागायची, म्हणजे सेकंदाला 120 चित्रं असतील तर 108 चित्रांचे 0.9 सेकंद. दोन, मासा आपल्या दिशेने किंवा आपल्यापासून दूर उडाला असेल तर लांबी आखूड दिसते. आडवी उडीच मापाला घ्यावी. पहिली उडी बहुतेक हुकतेच, म्हणून फेस दिसला की कॅमेरा त्याच्या थोडा पुढे रोखून ठेवायचा.

जयगडला शास्त्री नदीच्या मुखाशी जिताडा मासा आहे, पण तो स्वतःहून मोकळी उडी फारशी घेत नाही. अंधार पडल्यावर खडकाजवळ किंवा जेटीच्या खांबाशी पाणी दणकन फुटल्याचा आवाज येतो तेव्हा त्याची शंका घ्यावी. गळाला लागला की मात्र तोंड वासून, डोकं झटकत उडतो. टोळ मासा वेगळाच. सडपातळ, लांब चोचीचा, शेपटी पाण्यात ठेवून पृष्ठभागावरून तिरासारखा सुटतो. रात्री तो उजेडाकडे झेपावतो आणि त्याच्या चोचीने माणसं जिवानिशी गेल्याच्या घटना जगात घडल्या आहेत. लहान होडीत खाली बसून पाण्यावरून आडवी बॅटरी मारू नये, ही सूचना मनापासून.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला खरी चंगळ. सुरय पक्षी एका जागी घिरट्या घालत सूर मारत असतील तर खाली तारली किंवा बांगडा वर आलेला असतो, आणि त्याच्या खाली शिकारी. गेदर, म्हणजे ट्युना, पाणी उकळवून सोडतो, पण अंग पूर्ण बाहेर क्वचितच काढतो. सुरमई मात्र तोंड वर करून निघते, हवेत अंग ताठ, शेपटीची खोल खाच स्पष्ट, आणि तोंडावरच स्वच्छ आत शिरते, पाणी फारसं उडत नाही. बोय आणि सुरमई यांतला फरक या पडण्यातच आहे. उडताना अंगाभोवती गरगर फिरत असेल तर ती मुशी, म्हणजे शार्क, मालवणकडची मोरी. रुंद, चपटं काही वर येऊन पोटावर आपटलं आणि आवाज उशिरा पोहोचला तर पाकट, म्हणजे रे मासा. त्यातही काळ्या पाठीवर पांढरे ठिपके दिसले तर ठिपक्यांचा गरुड पाकट. सेलफिश आणि डोराडो बाहेरच्या खोल पाण्यातले, किनाऱ्यावरून त्यांची आशा धरू नये.

देवबागच्या पलीकडे कर्ली नदी ओलांडून भोगवे, मग निवती. निवतीच्या किल्ल्याच्या उंचीवरून पाण्याखालचा आकारही दिसतो. इथे दिसणारा 'मोठा मासा' पुष्कळदा गादा, म्हणजे डॉल्फिन असतो. माशाची शेपटी उभी आणि अंग डावी-उजवीकडे वळतं. गाद्याची शेपटी आडवी आणि अंग वर-खाली. तो श्वासासाठी पुन्हा पुन्हा वर येतो आणि वारा पडलेला असेल तर फुस्स असा आवाज कानावर येतो. आपल्या किनाऱ्यालगतच्या गाद्याच्या पाठीवर लांबट कुबड आणि त्यावर छोटा पर असतो. पर मुळीच नसलेलं, लहान, काळपट काही नुसतं लोळण घेऊन दिसेनासं झालं तर तो बिनपराचा पॉर्पोइज, डॉल्फिनचाच भाऊबंद. तो उड्या मारत नाही.

दोघांनाही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. होडी त्यांच्या वाटेत आडवी घालायची नाही. किमान 50 मीटर अंतर ठेवून इंजिन मंद करायचं आणि बाजूने समांतर जायचं. कळपात पिल्लू असेल तर तिथून निघायचं. तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, हे होडीत बसण्याआधीच सांगावं, कारण एकदा गादे दिसले की बाकीचे प्रवासी अजून जवळ चला म्हणून मागे लागतात.