सातपुड्याच्या पायथ्याशी हिवाळी मुक्काम: बो-ड्रिल, चकमक आणि कडब्याचं अंथरूण

राम राम मंडळी. काडीपेटीशिवाय आग पेटवायच्या आणि उघड्यावर राहायच्या सरावाचा डिसेंबरअखेरचा मुक्काम चोपडा तालुक्यात झाला, सातपुड्याच्या पायथ्याला, ओळखीच्या एका जिभाऊंच्या शेतात. "जंगलात का नाही?" असं दर वेळी कुणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगतो. राखीव वनात आग पेटवायला १९२७ च्या भारतीय वन कायद्याने मनाई आहे, आणि अभयारण्यात १९७२ चा वन्यजीव कायदाही लागू होतो. सातपुड्यातलं सुकं गवत आणि सागाचा पाचोळा कसा पेटतो हे ज्याने एकदा पाहिलंय, त्याला कायदा वाचून दाखवायची गरज पडत नाही. शेताच्या कडेला नाला आहे, बांधावर मोह आणि पळस आहेत, पलीकडे डोंगर. सरावाला याहून जास्त काही लागत नाही.

आधी आगीबद्दल. परदेशी व्हिडिओ पाहून आपल्यातले निम्मे जण बर्चची साल आणि पाइनचा चीक शोधत बसतात. आपल्याकडे सालई आहे. तिच्या खोडावरून ओघळून वाळलेला डिंक म्हणजे आपला धूपच. ज्योत लागली की धूर सोडत बराच वेळ जळतो, आणि दवाने ओलसर झालेल्या काड्यांनाही धरायला वेळ देतो. झाडाला खाचा मारू नका, खाली गळून पडलेले खडे पुरतात. बारीक सरपणाला तुराट्या (तुरीच्या काड्या) आणि पऱ्हाट्या (कापसाच्या काड्या) आहेतच. तुराटी पोकळ नसली तरी हलकी असते, पटकन पेटते आणि पटकन संपते. पऱ्हाटीचं बूड मात्र चांगला निखारा धरतं. दोन्ही संध्याकाळीच ताडपत्रीखाली ओढून ठेवायच्या, कारण पहाटे उघड्यावरच्या काडीला हात लावला तर बोट ओलं होतं.

चकमक आता हातात बसली आहे. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांतून निघणारी गारगोटी नाल्यात हवी तितकी मिळते. तिची धार ताजी फोडलेली असली पाहिजे. ठिणगी दगडाची नसते, दगडाने खरवडून काढलेल्या पोलादाची असते. म्हणून साधा खिळा किंवा सळई चालत नाही. जुनी झिजलेली कानस उत्तम, तिचं पोलाद कडक असतं. ठिणगी झेलायला जुन्या सुती धोतराचे तुकडे डबीत घालून, झाकणाला खिळ्याने भोक पाडून, निखाऱ्यावर ठेवले. भोकातून येणारा धूर थांबला की डबी उतरवायची आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडायची नाही. आत हवा गेली तर सगळी राख होते. फेरो रॉडला, म्हणजे खरवडली की ठिणग्या पाडणाऱ्या धातूच्या कांडीला, एवढी तयारी लागत नाही. कापसाचं बोंड पिंजून धरलं की त्याच्या ठिणगीवर भपकन पेट घेतं, आणि खान्देशात कापूस मागायला लाजायचं कारण नाही.

बो-ड्रिलमध्ये, म्हणजे धनुष्याच्या दोरीने काठी फळीवर फिरवून घर्षणाने आग पाडण्यात, या खेपेला खरी प्रगती झाली. आधी सागाची फळी आणि सागाचीच काठी घेत होतो, धूर भरपूर निघायचा आणि पुढे काही नाही. आता काठी वाळलेल्या रुईची आणि फळी सावरीची घेतली. दोन्ही हलकी, नख रुतेल इतकी मऊ. फळीला पाडलेली खाच काठीने कोरलेल्या वर्तुळाच्या आठव्या हिश्शाएवढी आणि थेट मध्यापर्यंत पोचलेली हवी, म्हणजे काळा भुगा एका जागी साठतो. भुगा तपकिरी असेल तर दाब वाढवा. काळा पडून आपोआप धुमसायला लागला की थांबा आणि श्वास घ्या, घाईने फुंकर मारू नका. दोरी अंबाडीची, हाताने वळलेली. नायलॉन गरम होऊन घसरतो असा माझा अनुभव. ओल्या रुईला हात लावलात तर चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, तो डोळ्याला खरोखर घातक आहे. पूर्ण वाळलेलीच काठी घ्या.

पण आग ही या थंडीतली सोपी बाजू आहे. अवघड आहे ती रात्र. ताडपत्री ताणत होतो तेव्हा जिभाऊ गव्हाला पाणी भरायला निघाले होते, शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. माझं अंथरूण पाहून म्हणाले, "थंडी वरतीन नही येत भो, खालतीन येस." आणि दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, कडब्याच्या पेंढ्या दाखवल्या. पेंढ्या सोडून गुडघ्याच्या निम्म्या उंचीचा थर पसरला. अंगाखाली दबून तो बराच खाली बसतो, म्हणून आधीच जास्त घ्यायचा. वर घोंगडी. लोकर दमट झाली तरी ऊब धरते, माझी पॉलिस्टरची रजई धरत नाही. आपण पांघरुणावर पैसे घालतो आणि अंथरुणाकडे बघतही नाही. या छंदातला सगळ्यात महागडा गैरसमज हाच, असं माझं मत आहे.

जागेचा हिशेब थर्मामीटरने पडताळला. नाल्याच्या तळाला पहाटे सहा अंश, बांधावर नऊच्या आसपास. गार हवा जड असते, ती उतारावरून वाहत खोलगट जागेत साठते. शिवाय निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते, म्हणून उघड्यावर दव पडतं आणि मोहाखाली जवळजवळ नाही. झाडाखाली झोपताना वर वाळलेली फांदी नाही ना, एवढं उजेडातच पाहून घ्यायचं. शेकोटीभोवती दगड लावायचे तर नाल्याच्या पाण्यातले उचलू नका, आतलं पाणी तापून ते फुटतात. शेकोटी उघड्यावर, झोपायच्या जागेपासून अंतर ठेवून. बंद तंबूत निखारे नेणं म्हणजे झोपेत जीव जाण्याची सोय.

पाण्यासाठी नाल्याच्या वाळूत झिरा खोदला. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकलं, नंतरचं धोतराच्या दुहेरी घडीतून गाळलं आणि खळखळून उकळलं. गाळणं आणि उकळणं, दोन्ही. एकावर भागवू नका.

दिशांचा सराव थोडक्यात. या दिवसांत संध्याकाळी सप्तर्षी कामाला येत नाहीत, ते पूर्ण वर यायला मध्यरात्र होते. तोवर उत्तरेला वर दिसणारी शर्मिष्ठा (इंग्रजी M सारखा तारकासमूह) धरा आणि तिच्या खाली ध्रुव शोधा. आपला अक्षांश साधारण २१, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून तेवढेच अंश वर. हात लांब करून एकावर एक ठेवलेल्या दोन मुठी.

जेवणाला तुराट्यांवर भाजलेलं हिरव्या वांग्यांचं भरीत आणि घरून बांधून नेलेल्या कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी. यात कौशल्य काही नाही, फक्त नोंद राहावी म्हणून. तसंच परतताना अडावदजवळच्या उनपदेवला गरम झऱ्याच्या पाण्याने केलेली आंघोळही सरावात धरत नाही.

पुढच्या वेळी रुईच्याच सालीची दोरी वळून बो-ड्रिलला लावायची आहे. तिचा वाख (धागा) चिवट निघतो, पण काठीवर घासून किती टिकतो ते बघायचंय. कुणी पळसाच्या मुळीचा दोर बो-ड्रिलला वापरला असेल तर जाडी किती ठेवली ते सांगा. फेब्रुवारीत गवत आणखी वाळलेलं असेल, तेव्हा आगीचा सराव खळ्यावरच करणार, पाण्याची घागर शेजारी ठेवून.