तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्ट नॉर्मल, तरी गर्भ का टिकत नाही?

जळगावात लॅबमध्ये मी वीर्यतपासणीचं काम करतो. रिपोर्ट हातात पडला की चोपडा-यावलकडून आलेले भाऊ बहुतेक हेच विचारतात, "रिपोर्ट तं नॉर्मल शे, मंग आसं काब्र होस?" बाजूला वहिनी मान खाली घालून उभ्या असतात. दोनदा दिवस राहून गर्भ पडलेला असतो, नाहीतर आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) फसलेलं असतं, आणि घरात सगळा दोष त्यांच्याच माथी मारलेला असतो.

नेहमीच्या तपासणीत आम्ही शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार बघतो. आतला डीएनए धड आहे की तुटलाय, हे त्यात दिसत नाही. त्यासाठी डीएफआय (डीएनए फ्रॅगमेंटेशन इंडेक्स, म्हणजे किती टक्के शुक्राणूंचा डीएनए तुटलाय) ही वेगळी तपासणी. तिच्या एका पद्धतीत नमुना जेलमध्ये बसवून त्यावर आधी आम्ल आणि मग प्रथिनं विरघळवणारं द्रावण टाकतात. मायक्रोस्कोपखाली धड डीएनए असलेल्या शुक्राणूभोवती चंद्राला पडतं तसं खळं दिसतं. तुटलेल्याभोवती ते अगदी लहान, नाहीतर नसतंच. असे शेकडो शुक्राणू एकेक करून मोजायचे. तुटलेले 30 टक्क्यांच्या वर गेले की सहसा जास्त धरतात, पद्धतीगणिक ही रेघ थोडी सरकते.

डीएनए तुटलेला शुक्राणूही पोहतो, स्त्रीबीजात शिरतो. थोडीफार मोडतोड स्त्रीबीज स्वतः दुरुस्त करतं. बाईचं वय वाढलं की ती ताकद उतरते. पहिले दोन-तीन दिवस गर्भाचा कारभार मुख्यतः आईकडून आलेल्या साठ्यावर चालतो, बापाची जनुकं त्यानंतर जोमानं कामाला लागतात. म्हणून तिसऱ्या दिवशी छान दिसणारा गर्भ कधी पाचव्या दिवसापर्यंत पोहोचत नाही, किंवा रुजूनही पडतो. इक्सी या आयव्हीएफच्या प्रकारात शुक्राणू सुईनं स्त्रीबीजात सोडतात, पण तो निवडतात बाहेरून बघूनच.

कारणं? तंबाखू-सिगारेट, व्हेरिकोसील म्हणजे अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा, जंतुसंसर्ग, वाढतं वय. आणि उष्णता. अंडकोषांना शरीरापेक्षा 2 ते 4 अंश थंडावा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, त्यात कोणी भट्टीपुढे उभा, कोणी दिवसभर ट्रकच्या केबिनमध्ये. तोंडाला काही न बांधता कपाशीवर फवारणी करणाऱ्यांचीही मला फार काळजी वाटते.

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे तंबाखू आज सोडली तर फरक तीनेक महिन्यांनी दिसेल. व्हेरिकोसीलच्या ऑपरेशननं अनेकांचा डीएफआयचा आकडा उतरतो. महागड्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांवर मात्र माझा भरवसा नाही; 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मॉक्सी चाचणीत त्यांनी डीएनए सुधारला नाही.

सगळ्यांनीच ही तपासणी करावी असं नाही, आणि आकडा जास्त आला म्हणजे मूल होणारच नाही असंही नाही. पण गर्भ वारंवार पडत असेल, तर पुढच्या आयव्हीएफचे पैसे भरण्याआधी डॉक्टरांना डीएफआयबद्दल विचारा. आणि भाऊ, आकडा जास्त निघाला तर घरी आईला ते वहिनींनी नाही, तुम्ही सांगायचं.