लेक्चरच्या आदल्या रात्री विचारायचे तीन प्रश्न

वर्गात मोबाइल वापरून काही करायचं म्हटलं की बहुतेक प्राध्यापक आधी क्विझकडे वळतात. पडद्यावर घड्याळ, गुणांची चढाओढ, मुलंही दहा मिनिटं रंगून जातात. मग तास पुन्हा ठरल्या वाटेनं चालू लागतो, कारण क्विझमधून जे कळलं त्यामुळे शिकवण्यात तसूभरही फरक पडत नाही. वेबचा खरा उपयोग तो फरक पाडण्यासाठी आहे. मुलांच्या डोक्यात काय चाललंय हे तास सुरू होण्याआधी शिक्षकाला कळावं, यासाठी इतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

या पद्धतीला 'जस्ट-इन-टाइम टीचिंग' म्हणतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये ग्रेगर नोव्हाक आणि त्यांच्या सहकारी भौतिकशास्त्रज्ञांनी ती रुजवली. तिथली बरीच मुलं नोकरी सांभाळून शिकणारी होती, तास संपला की निघून जाणारी. आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजात एसटीनं येणाऱ्या किंवा दुपारी दुकानात काम करणाऱ्या मुलांची स्थिती याहून फार वेगळी नाही. अशा मुलांसाठी तासाचं एकेक मिनिट मोलाचं असतं, ते त्यांना आधीच येत असलेल्या गोष्टींवर घालवणं बरं नव्हे.

करायचं ते एवढंच. पुस्तकातली चार-पाच पानं वाचायला द्यायची आणि गुगल फॉर्मवर तीन प्रश्न. सकाळी साडेसातचा तास असेल तर फॉर्म आदल्या रात्री नऊला बंद. दुपारचा तास असेल तर सकाळी आठपर्यंत चालेल. तीनपेक्षा जास्त प्रश्न ठेवू नका, चौथ्या प्रश्नापासून उत्तरं 'हो', 'नाही' एवढ्यावर येतात.

प्रथम वर्ष विज्ञानाचा विद्युतधारेचा पाठ घेऊ. पहिला प्रश्न संकल्पनेचा: एका सेलला दोन अगदी सारखे बल्ब एकसर जोडणीत जोडले, तर कोणता जास्त उजळेल आणि का? दुसरा प्रश्न आकड्यांचा, पण ज्याच्या त्याच्या घरातला: तुमच्या मोबाइल चार्जरवर छापलेले आउटपुटचे व्होल्ट आणि अँपिअर लिहा, त्यावरून वॉट काढा. ५ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे १० वॉट. चार्जर वेगवेगळे असल्यामुळे इथे मित्राचं उत्तर उचलून फारसा फायदा होत नाही. तिसरा प्रश्न कायम तोच राहतो: वाचलेल्यातलं काय कळलं नाही? तो सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर सक्तीचं ठेवा. 'सगळं कळलं' असं लिहिणाऱ्यांसाठी प्रश्नाखालीच एक ओळ घाला: 'सगळं कळलं असेल तर परीक्षेत या भागावर कोणता प्रश्न यावा ते लिहा.'

भाषेची अट घालू नका. मराठी, इंग्रजी, रोमन लिपीतली मराठी, काहीही चालू द्या. टायपिंगचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून बोलायला सांगा. वहीतल्या आकृतीचा फोटो मागवायचा असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फाइल अपलोडच्या प्रश्नासाठी मुलांना गुगल खात्यातून लॉगिन करावं लागतं आणि फोटो तुमच्या ड्राइव्हमधली जागा खातात. प्रत्येक फोटोची मर्यादा १० एमबी ठेवली आणि साठ मुलांनी तेवढे मोठे फोटो पाठवले, तर एकाच पाठाला ६०० एमबी जातात. म्हणून मर्यादा १ एमबी ठेवा आणि फोटो लहान करून पाठवायला सांगा.

गुण द्यायचे ते प्रयत्नाला, बरोबर उत्तराला नाही. इथे बरेच जण चुकतात. उत्तर बरोबर असण्यावर गुण ठेवले की रात्री साडेआठला व्हॉट्सॲप ग्रुपवर एका हुशार मुलीचं उत्तर फिरतं आणि सकाळी तुमच्या हाती तिच्या एकटीच्या डोक्यातलं येतं, वर्गाच्या नाही. एआयकडून लिहून घेतलेल्या उत्तरांचंही तेच. अंतर्गत मूल्यमापनातले थोडे गुण 'स्वतःच्या शब्दांत दोन-तीन वाक्यं लिहिली' यासाठी ठेवले की चूक लपवण्याचं कारणच उरत नाही. तरी नक्कल तपासायची असेल तर फॉर्मची उत्तरं जमा होतात त्या गुगल शीटमधला उत्तराचा स्तंभ अकारविल्हे लावा, सारखी उत्तरं आपोआप एकाखाली एक येतात.

आता वाचन. एका उत्तराला अर्धा मिनिट धरलं तर साठ मुलांची एका प्रश्नाची उत्तरं अर्ध्या तासात वाचून होतात. शेजारच्या स्तंभात प्रत्येकाला एक खूण द्या: बरोबर, अर्धवट, 'करंट खर्च होतो' असं मानणारे, इतर. बल्बच्या प्रश्नात ही तिसरी खूण हमखास लागते. 'पहिल्या बल्बनं थोडा करंट वापरला, म्हणून दुसरा मंद' या धाटणीचं उत्तर जगभरचे विद्यार्थी देतात. त्यामागे एक बरोबर जाणीव आहे: बल्बमध्ये काहीतरी खर्च होतंच. खर्च होते ती ऊर्जा. करंट मात्र एकसर जोडणीत सगळीकडे सारखाच राहतो. मुलगा कुठे अडकलाय हे इतक्या नेमकेपणानं कळलं की पंचेचाळीस मिनिटांचं व्याख्यान गाळून नेमकं तिथेच जाता येतं.

तीन-चार उत्तरं निवडून स्लाइडवर लावा. नावं काढून टाका, पण शब्द मुलांचेच ठेवा, शुद्धलेखनही सुधारू नका. उत्तरं अशी निनावी दाखवली जातील हे सत्राच्या पहिल्याच तासाला सांगून ठेवलेलं बरं. निव्वळ चुकीची उत्तरं निवडू नका. अर्धं बरोबर असलेलं उत्तर वर्गाला जास्त बोलतं करतं. मग फेट (PhET) या विज्ञानाच्या सिम्युलेशन्सच्या संकेतस्थळावरचं विद्युत परिपथाचं सिम्युलेशन उघडा आणि बल्बच्या दोन्ही बाजूंना अमीटर लावून दाखवा. वाचनं सारखी येतात. ही सिम्युलेशन्स आधी डाउनलोड करून ठेवली तर वर्गात इंटरनेट नसतानाही चालतात.

यानंतर वर्गातलं मतदान. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी हार्वर्डमध्ये १९९१ पासून ही रीत वापरली. एक बहुपर्यायी प्रश्न, एकमेकांशी न बोलता पहिलं मत, मग शेजाऱ्याला पटवण्याचा प्रयत्न, मग दुसरं मत. पहिल्या फेरीत ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर चर्चेला सोडा. त्याहून कमी असतील तर चर्चा करायला पुरेसं कोणाकडेच नसतं, आधी थोडं समजावून पुन्हा विचारा. जास्त असतील तर मिनिटभरात कारण सांगून पुढे जा.

पहिल्या फेरीचा आलेख पडद्यावर येऊ देऊ नका. उंच स्तंभ दिसला की मुलं तिकडे झुकतात आणि वाद घालायचं थांबतात. फॉर्मच्या सेटिंगमध्ये निकालाचा सारांश दाखवण्याचा पर्याय बंद ठेवा आणि आकडे तुमच्या फोनवर बघा. दोन फेऱ्यांसाठी दोन वेगळे फॉर्म करा, नाहीतर दोन्ही मतं एकाच आलेखात मिसळतात. चर्चेला तीन मिनिटं पुरतात. वर्गातला आवाज उतरू लागला की दुसरं मत घ्या.

चर्चेत नुसती शेजाऱ्याच्या उत्तराची उचल होते का, ही शंका रास्त आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या जनुकशास्त्राच्या वर्गात ती तपासली गेली आणि २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष छापून आला. चर्चेनंतर मुलांना तीच संकल्पना असलेला नवा प्रश्न एकेकट्यानं सोडवायला दिला, त्यातही त्यांची कामगिरी सुधारली. आपल्या मुंबईच्या आयआयटीतही प्रोग्रॅमिंगच्या मोठ्या वर्गात आधी स्वतः विचार, मग जोडीनं काम, मग सगळ्यांसमोर मांडणी असा प्रयोग झाला. २०१३ च्या शोधनिबंधात सरासरी ८३ टक्के मुलं कामात गुंतलेली आढळल्याची नोंद आहे.

अडचण नेटवर्कची. एका साध्या राउटरवर ऐंशी फोन एकदम जोडले की काहींचं पान उघडतच नाही. फॉर्ममध्ये चित्र टाकू नका, आकृती फळ्यावर काढा. लिंक ग्रुपवर आधीच पाठवा आणि क्यूआरवर विसंबू नका: कोड ज्या अंतरावरून वाचायचा त्याच्या साधारण एक दशांश रुंद लागतो, म्हणजे दहा मीटरवरच्या शेवटच्या बाकासाठी मीटरभर. फोन नसलेली मुलं वर्गात असतील तर सगळ्यांनाच प्लिकर्सची छापील कार्डं द्या. शिक्षकाच्या फोनचा कॅमेरा ती वाचतो, त्या एका फोनवर काम भागतं. कार्ड धरायची बाजू म्हणजे उत्तर. नेहमीच्या संचात ४० कार्डं असतात, मोठ्यात ६३.

सत्र संपलं की शीट पुसू नका. पुढच्या वर्षीच्या बहुपर्यायी प्रश्नांतले चुकीचे पर्याय त्यातूनच घ्या, मुलांच्याच वाक्यांत. शिक्षकानं कल्पनेनं रचलेला चुकीचा पर्याय बऱ्याचदा कुणीच निवडत नाही. मागच्या वर्षी अकरा जणांनी मनापासून लिहिलेलं वाक्य मात्र यंदाही कुणीतरी निवडतं आणि चर्चा तिथूनच पेटते.